माळवदाचं लाकूड

आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. विजापूर रस्त्याला जिथे शहर संपत आल्यासारखं वाटतं, तिथल्या नव्या प्लॉटिंगमध्ये आमचं घर. मागची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हातातली किल्ली पडली तर परत मिळायची नाही. आई गेली आणि अप्पा माझ्याकडे राहायला आले. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी त्या जागेकडे बघून ठरवलं, इथे मांडव घालायचा. त्यावर घोसाळी चढवायची, मधुमालती चढवायची, खाली बाकडं ठेवायचं. आई गेल्यापासून ते कशाबद्दलच काही ठरवत नव्हते. तेव्हा मांडव तर मांडव.

अप्पा सरकारी बसगाड्यांच्या डेपोत मेकॅनिक होते. उभं आयुष्य गाड्यांच्या पोटाखाली पडून गेलं त्यांचं. वरून काही अंगावर येईल ही भीती त्यांना कधी शिवलीच नव्हती. त्यांच्या वाटचीही मला मिळाली असावी. आई एका साध्या दुपारी गवार मोडता मोडता गेली. तेव्हापासून अप्पांनी फोन लगेच उचलला नाही, तर मी ऑफिसातल्या खुर्चीतून उठून उभी राहते. एका शाळेत मी क्लार्क आहे. तिथे आता सगळ्यांना सवय झाली आहे. मी उभी राहिले की शिपाई मामा म्हणतात, "उचलतील ताई, बाथरूमला गेले असतील."

लाकडासाठी आम्ही आधी वखारीत गेलो. नव्या सागवानाचा भाव विचारला आणि घरी येईपर्यंत रिक्षात दोघंही बोललो नाही. मग स्वस्त लाकडाचा शोध सुरू झाला. कारखान्यांत मशिनं ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांच्या फळ्या अप्पांनी एमआयडीसीतून आणल्या आणि कुंड्यांसाठी मांडणी केली. पावसाळ्यात फळ्या फुगल्या, खिळे बाहेर आले आणि दिवाळीपर्यंत वाळवीनं निम्मी मांडणी खाल्ली. मग कुणीतरी सांगितलं, शहराच्या पूर्वेला विणकरांच्या वस्तीत बंद पडलेले हातमाग मोडीत निघतात. तिथेही गेलो. लाकूड चांगलं होतं, पण तुकडे आखूड आणि भोकांनी भरलेले. त्यातून एक स्टूल झालं. मांडवाला लांब खांब हवे होते.

ज्यांना मांडवाचं काम द्यायचं ठरलं होतं ते सुतार म्हणाले, "अप्पा, माळवदाची लाकडं बघा की. खेड्यात घरं पाडायलेत सगळी. स्लॅब टाकायलेत."

आमच्या भागातलं जुनं खेड्यातलं घर म्हणजे माळवद. मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर दाट बसवलेल्या काटक्या आणि त्यावर पांढरी माती. दर पावसाळ्याच्या आधी घरातली माणसं वर नवी माती टाकतात, चोपतात. जुनी कुणी काढत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं त्या छपराचं वजन वाढत जातं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी माळवदावर लहानपणी पापड वाळत घातले होते, त्याच्या वजनाचा विचार कधी केला नव्हता.

सुतारांच्या ओळखीनं मंद्रूपच्या पुढच्या एका गावात घर मिळालं. मालक पन्नाशीचा शेतकरी. शेजारीच स्लॅबचं नवं घर बांधून राहायला गेलेला, जुनं घर पाडून तिथे गोठा करायचा होता. त्याची बायको कानडी माहेरची, मराठी बोलायची पण मध्येच कानडीत शिरायची. तिनं आम्हाला ताक दिलं. मालक म्हणाला, "बघा की आत जाऊन. लाकूड लोखंडावानी हाय."

अप्पा आत गेले. मी उंबऱ्यात थांबले. आत अंधार होता, आणि त्या अंधारात अप्पा खांबांवर बोटांची पेरं वाजवत फिरत होते. प्रत्येक खांबाला टक, टक, आणि मग समाधानाचा एक हुंकार. मी वर बघितलं. मधल्या खोलीचं छप्पर मधोमध खाली आलं होतं, पोट आल्यासारखं. एका कोपऱ्यात ओल होती. आठवड्यापूर्वी अवकाळी पाऊस होऊन गेला होता.

"हे असं का झालंय?" मी विचारलं.

"जुनं हाय न्हवं," मालक म्हणाला. "मला समजतंय तवापासनं असंच हाय ते."

"आणि वरची माती कोण उतरवणार?"

"तुमीच की. आमी गडी देतो दोन. लाकूड काढून न्या, जागा साफ करून द्या. म्हणून तर सस्तात देतोय."

परत येताना बसमध्ये मी अप्पांना म्हटलं, "ते नको. ते छप्पर मला बरं दिसत नाही."

"छप्पर कुठं घ्यायचंय आपल्याला? खांब घ्यायचेत."

"खांब छपराखालीच आहेत ना?"

ते हसले आणि खिडकीबाहेर बघू लागले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघत होते. त्यामुळे पुढे मी वाद घातला नाही.

ठरल्या रविवारी सकाळी आम्ही टेम्पो घेऊन गेलो. टेम्पोवाला, सुतार, अप्पा आणि मी. माझं तिथे काही काम नव्हतं. मी गेले ती केवळ अप्पांना आत जाऊ द्यायचं नाही म्हणून. तसं मी टेम्पोतच बजावलं होतं आणि ते "बरं बरं" म्हणाले होते. गडी आधीच छपरावर चढून पुढच्या खोलीवरची माती खोऱ्यानं खाली ढकलत होते. लिंबाच्या झाडाखाली मालकानं बाज टाकून दिली, अप्पा तिच्यावर बसले. थोडा वेळ सगळं नीट चाललं. पुढच्या खोलीची एक कड मोकळी झाली आणि तिथले दोन खांब निघाले. सुतारांनी एकाला रंधा मारून दाखवला, आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. अप्पांनी त्यावरून हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो.

मग ते उठले.

"मधल्या खोलीतल्या तुळईचं टोक बघून येतो. वाळवी असली तर ती उतरवण्यात अर्थ न्हाय."

"अप्पा, तुम्ही म्हणालात आत जाणार नाही."

"हे काय, आलोच की."

"वर माणसं आहेत. माती हलवतायत."

"ती पुढच्या खोलीवर हायत. मी मधल्या खोलीत चाललोय. काय होत न्हाय गं."

सुतार त्यांच्या मागोमाग गेले. मी पण जायला निघाले, पण पाय पुढे पडेना. खरंच पडेना. मी दाराशी थांबून अप्पांच्या पांढऱ्या शर्टाकडे बघत राहिले. पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत जाताना तो शर्ट अंधारात मळका झाला, मग दिसेनासा झाला. वरून भिंतीच्या कडेनं मातीची बारीक धार लागली होती, पिठाच्या गिरणीत लागते तशी. ती धार बघून मी ओरडणार होते, पण काय ओरडायचं हेच सुचेना.

आवाज फार मोठा झाला नाही. मला वाटायचं, घर पडताना गडगडाट होत असेल. धान्याचं मोठं पोतं कुणीतरी जमिनीवर आपटावं तसा एकच आवाज आला आणि दारातून धुळीचा लोट माझ्या अंगावर आला. डोळे मिटले, नाकातोंडात माती गेली. गडी छपरावरून ओरडत पुढच्या कडेला पळाले. धुळीतून एक माणूस खोकत, चाचपडत बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. मी त्याचे दोन्ही दंड धरले. "अप्पा," मी म्हणाले. ते सुतार होते.

"अप्पा मागं ऱ्हायले," ते म्हणाले आणि खाली बसले.

त्यानंतरचा काळ किती होता हे मला सांगता येणार नाही. मालक नुसता उभा होता, दोन्ही हात डोक्यावर. मालकीण घरातून धावत आली. गल्लीतून माणसं आली. मी आत निघाले, तर कुणीतरी मागून पदर धरला, तो मी सोडवून घेतला. मधल्या खोलीच्या जागी मातीचा ढीग होता, त्यातून काटक्या बाहेर आल्या होत्या आणि वर आभाळ दिसत होतं. एक तुळई एका टोकाला भिंतीवर टेकलेली राहिली होती, दुसरं टोक मातीत घुसलं होतं.

मी हाक मारली. काही नाही. परत मारली. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

मग त्या तुळईखालून खोकल्याचा आवाज आला आणि अप्पा म्हणाले, "वरडू नको. माती पडतीय."

मी खाली बसले. भिंत आणि तुळई यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती. तिथे तोंड लावून मी विचारलं, "कुठे लागलंय?"

"पाय अडकलाय. बाकी बरा हाय. तू बाहेर जा."

"मी नाही जाणार."

"भिंत बघ पहिली. ती कशी हाय?"

मी भिंतीकडे बघितलं. तिला वरपासून खालपर्यंत ताजी चीर गेली होती. "चांगली आहे," मी म्हणाले.

बाहेर गलका चालला होता. कुणीतरी म्हणत होतं, जेसीबी बोलवा. गावातच, ओढ्याच्या कामावर एक होता. निरोप घेऊन माणूस पळालासुद्धा. थोड्या वेळात त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि तो जवळ येऊ लागला तशी पायाखालची जमीन थरथरायला लागली. चिरेतून माती गळू लागली. मला त्या यंत्रातलं काही कळत नाही, पण ती थरथर मला माझ्या दातांत जाणवत होती आणि तीच थरथर अप्पांच्या अंगावरच्या मातीलाही जाणवत असणार. मी बाहेर धावले आणि रस्त्यात आडवी उभी राहिले. हात पसरून. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"बाई, हातानं कवा निघायची एवढी माती?" कुणीतरी म्हणालं.

कदाचित तो म्हणत होता तेच बरोबर असेल, यंत्रानं चार घास उचलले असते आणि अप्पा लवकर सुटले असते. माझ्या हट्टापायी ते मातीखाली गुदमरतील, असंही त्याच क्षणी मनात आलं. दोन्हीकडे तितकीच भीती होती. मी नुसती मान हलवत राहिले. तेव्हा मालकीण पुढे आली, लुगड्याचा काष्टा वर खोचून. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अंजब्याड तंगी." मग मराठीत म्हणाली, "भिऊ नको. काढू हातानं." आणि गल्लीतल्या बायकांना तिनं कानडीत काहीतरी दरडावलं.

घमेली आली. बायका आणि गडी ओळीनं उभे राहिले. सुतार सगळ्यात पुढे, ढिगाच्या तोंडाशी. खोरं लावायची हिंमत होत नव्हती, म्हणून ते हातांनी माती ओढून घमेल्यात भरत होते. घमेली हातोहात बाहेर जायची आणि रिकामी परत यायची. पांढरी माती हलकी दिसते. भरलेलं घमेलं हातात आलं की कळतं. ओल धरलेली ती माती शिशासारखी होती. मी फटीशी बसून अप्पांशी बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही. डेपोतली माणसं, आईची फुटलेली बरणी, कसलंही. मी बोलायची थांबले की ते "हं" म्हणायचे, म्हणजे पुढे बोल.

एकदा त्यांनी "हं" म्हटलं नाही.

"अप्पा."

काही नाही.

"अप्पा, बोला की."

सुतारांनी हात थांबवले. ओळ थांबली. सगळं गाव थांबल्यासारखं झालं. फटीतून आत हात घालून मी चाचपडू लागले. आधी माती लागली, मग काटकी, मग काहीतरी मऊ. कापड होतं. शर्टाची बाही. ती मी धरून ओढली. जीव एवढा एकवटला होता की हाताला बाहीची शिवण कळत होती. मी मनात कुणाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

बाही हलली. मग घसा साफ केल्याचा आवाज आला. "तोंडात माती गेली," अप्पा म्हणाले. "पाणी दे. आणि त्या टेम्पोवाल्याला सांग, जॅक आण म्हणून."

मालकिणीनं फडकं पाण्यात बुडवून दिलं. ते मी फटीतून आत सरकवलं, त्यांनी ते चोखलं. टेम्पोवाला जॅक घेऊन आला. अप्पा आतून सांगत होते, "मातीवर ठेवू नको, बुडेल. खाली फळी घाल. आडवी. आता लाव. हळू." डेपोतल्या पोरांना सांगावं तसा आवाज होता, थोडा खेकसल्यासारखा. जॅकचा दांडा फिरत होता आणि तुळई किंचित किंचित वर येत होती. प्रत्येक फेरीला करकर असा आवाज यायचा. मी भिंतीवरच्या चिरेकडे बघत होते. ती रुंद होत होती का? मला वाटत होतं, होतीय. कुणाला सांगावं तर हात थांबतील, न सांगावं तर सगळेच खाली सापडतील. मी सांगितलं नाही. सुतारांनी आणि एका गड्यानं अप्पांना काखेत धरून ओढलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळला होता.

त्यांना बाजेवर घालून रस्त्यापर्यंत नेत असतानाच मागे ती भिंत बसली. कुणी मागे वळून बघितलं नाही.

सोलापुरात आणेपर्यंत अँब्युलन्समध्ये अप्पा शुद्धीवर होते. ते एकच सांगत होते, लाकडाची व्यवस्था लावायला सुताराला सांग. मी हो म्हणत होते. दवाखान्यात पायाचा फोटो काढला, डॉक्टर म्हणाले हाड जोडायला ऑपरेशन करावं लागेल, प्लेट बसवावी लागेल. आणि म्हणाले, वय आहे, शुगर आहे, भूल द्यायची तर थोडा धोका असतोच. हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. त्यांचं रोजचंच होतं ते. अप्पांना आत नेलं आणि दार बंद झालं. तेव्हा मला कळलं, की मातीच्या ढिगापाशी निदान हाताला काम होतं. इथे नुसतं बसायचं होतं, आणि फट कुठेच नव्हती.

पोलीस आले. अपघात असला की दवाखान्याला कळवावं लागतं. हवालदारानं विचारलं, कुणाविरुद्ध तक्रार आहे का. मी म्हटलं, अप्पा शुद्धीवर आले की बघू. शुद्धीवर आल्यावर अप्पांनी सांगितलं, "माझ्या पायानं आत गेलो. कुणाची तक्रार न्हाय." हवालदारानं लिहून घेतलं आणि तो गेला.

आम्ही घरी आलो. अप्पा कॉटवर, पाय उशीवर. मी रजा वाढवली. आणि तेव्हा मालकाचे फोन यायला लागले. पहिला आला आणि स्क्रीनवर त्याच्या गावाचं नाव दिसलं, कारण मी त्याचा नंबर गावाच्या नावानंच ठेवला होता. मी उचलला नाही. परत आला. परत नाही उचलला. मला वाटायचं, तो आता जागा साफ करून द्या म्हणेल, नाहीतर पडलेल्या भिंतीचं काही काढेल. खरं म्हणजे तसंही काही वाटत नव्हतं. त्याचा आवाज ऐकला की तो पोतं आपटल्यासारखा आवाज परत ऐकू येईल एवढंच वाटायचं. फोन वाजायचा आणि मी तो उशीखाली ठेवायची.

एका सकाळी फाटकाशी तोच टेम्पो थांबला. मी खिडकीतून बघितलं. टेम्पोत लाकूड होतं. खांब, तुळया, दोरानं आवळलेल्या. शेजारी मालक उभा होता आणि त्याची बायको. मी बाहेर गेले, पण फाटक उघडलं नाही.

"अप्पांचं लाकूड आणलंय," तो म्हणाला. त्यानं दाढी केली नव्हती. तेव्हाच्यापेक्षा तो वाळला होता.

"आम्हाला नको आता ते."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. मग तोच खाली मान घालून म्हणाला, "ताई, तुमी फोन उचलंना. सुतार बी उचलंनात. आमाला वाटलं अप्पा गेले."

मी फाटकाच्या कडीवर हात ठेवला.

"रोज वाटायचं, आज पोलिसांची गाडी यील. कुटं जीप वाजली तरी ही उठून उभी ऱ्हायची. त्या घराकडं बघवंना आमाला. आमी लई भ्यालो व्हतो, ताई."

मी त्या बाईकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. माझ्या पाठीवर जो हात तिनं ठेवला होता, तोच हात. मी हिच्या नवऱ्याला घाबरून फोन उशीखाली ठेवत होते आणि ही माझ्यामुळे जीप वाजली की उभी राहत होती. मी फाटक उघडलं.

आतून अप्पांचा आवाज आला, "लाकूड आलं का?"

दोघं आत आले. अप्पांना जिवंत बघून मालक त्यांच्या कॉटशेजारी खालीच बसला आणि त्यानं त्यांचा बरा पाय धरला. अप्पा म्हणाले, "अरे, सोड की, गुदगुल्या होतात." मी चहा टाकला. चहा ओतताना कपबशी वाजत होती, तेव्हा मालकीण आत आली, तिनं माझ्या हातातून भांडं घेतलं आणि स्वतः ओतलं.

लाकूड मागच्या अंगणात उतरवलं गेलं. त्यानंतर कित्येक दिवस मी मागचं दार उघडलं नाही. कपडे पुढच्या गॅलरीत वाळत घातले. खांबांच्या खाचांत ती पांढरी माती अजून होती आणि ऊन तापलं की तिचा वास खिडकीतून आत यायचा. शेवटी एका सकाळी मी नळीनं ते सगळं धुतलं. पांढरं पाणी वाहत गेलं आणि जमिनीच्या भेगांत शिरलं. धुताना एका तुळईला जॅकची खूण दिसली, चौकोनी दबलेली. मी नळी दुसरीकडे वळवली.

मांडव पावसाळा संपल्यावर झाला. सुतार आले तेव्हा त्यांनी पहिला खांब उभा केला आणि दोन पावलं मागे सरून वर बघितलं. तिथे वर आभाळाशिवाय काही नव्हतं. आमची नजरानजर झाली. अप्पा खुर्चीत बसून, काठी रोखून हुकूम सोडत होते. त्यांचं म्हणणं होतं, वर पत्रा टाकू, म्हणजे पावसातही बसता येईल.

"वर काही टाकायचं नाही," मी म्हणाले. "फक्त वेल."

"पत्र्याला वजन असतं व्हय?"

"फक्त वेल, अप्पा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सुतारांना म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग पत्रा."

आता घोसाळीचा वेल निम्म्यापर्यंत चढला आहे. मधुमालती मागे आहे. संध्याकाळी अप्पा काठी टेकत येतात आणि बाकावर बसतात. मी चहा घेऊन जाते, पण माझी खुर्ची मी मांडवाच्या कडेला, बाहेर ठेवते. निम्मी उन्हात.

"आत ये की, ऊन लागतंय," ते रोज म्हणतात.

"असू दे," मी म्हणते.

परवा आम्ही असेच बसलो होतो. दिवसभर तापलेलं लाकूड निवायला लागलं की वाजतं. तसा एक सांधा वाजला, अप्पांच्या अगदी डोक्यावर. छोटा आवाज, बोट मोडल्यासारखा. मी दचकलेच. पण अप्पांकडे बघितलं तर त्यांनी झटकन मान वर केली होती आणि हातातला कप छातीशी घट्ट धरला होता. असं मी त्यांना जन्मात कधी बघितलं नव्हतं.

"निवतंय," थोड्या वेळानं ते म्हणाले. "लाकूड हाय, वाजणारच."

"हो," मी म्हणाले.

मग त्यांनी काठी घेतली, हळूच उठले आणि उन्हात माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी त्यांना माझी खुर्ची दिली आणि स्वतःसाठी आतून दुसरी आणायला गेले.